ल्युपिनला खत नको

"एक पॉलिश पेपर द्या ना. जरा खरखरीतच."

मिस्त्रीने रंधा थांबवला. दारात शाळेतल्या चित्रकलेच्या बाई उभ्या होत्या... बोटांना निळा रंग, मूठ घट्ट मिटलेली.

"काय घासायचंय?"

"बिया."

तो हसला. तशी तिने मूठ उघडून दाखवली. ठिपक्याठिपक्यांच्या दहा-बारा बिया, झुडपी ल्युपिनच्या, पिवळ्या तुऱ्यांच्या एका विलायती फुलझाडाच्या. साल इतकी टणक की घासून रात्रभर भिजवल्याशिवाय कोंबच फुटत नाही, हे तिने एका दमात सांगून टाकलं.

"आणा इकडे," तो म्हणाला, आणि एकेक बी चिमटीत धरून इतक्या हलक्या हाताने घासू लागला की ती बघतच राहिली.

"रुजल्या तर कळवा हं, बाई."

"आणि नाही रुजल्या तर?"

"मग तर यावंच लागेल... दुसरा कागद न्यायला."

तिचे कान तापले. एकतिसाव्या वर्षी! तिला स्वतःचाच राग आला.

दोन-तीन बिया तिने शाळेच्या मोठ्या बाईंना दिल्या, बाकीच्या स्वतःच्या कुंपणाजवळच्या रेताड जमिनीत पेरल्या. त्यातलं एक रोप टिकलं. ते बघायला मिस्त्री आला. मग खिडकी दुरुस्त करायला आला, मग चांगलं धडधाकट दार दुरुस्त करायला आला! वर्षभरात झुडूप कमरेएवढं झालं. पानांच्या मधोमध दवाचा एकच थेंब थांबायचा, तो दाखवायच्या निमित्ताने दोघं पुष्कळदा वाकायची, आणि थेंब राहायचा बाजूला.

एका संध्याकाळी कुंपणाशी तो म्हणाला, "बाई... माझ्याशी लग्न कराल?"

होकार अगदी ओठांवर आला आणि तिथेच अडला. घरात मावशी होती. तिनेच तिला लहानाचं मोठं केलेलं, आणि आता तिचे गुडघे पार कामातून गेलेले. तिला एकटीला टाकून जायचं कसं? विचारलं तर ती 'जा गं' म्हणणार, मनात काही का असेना.

"ल्युपिनला फूल आलं की सांगते," तिने वेळ मारून नेली.

हंगाम आला. मोठ्या बाईंच्या अंगणात पिवळेधमक तुरे डोलू लागले. हिच्याकडे मात्र नुसता पाला. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती न्हाणीघरात जाऊन रडली.

रविवारी सकाळी ती लवकर बाहेर आली, तर झुडपाशी मिस्त्री उकिडवा बसलेला, पुढ्यात घमेलं.

"हे काय चाललंय?"

"खत..." तो गडबडून उठला. "दर रविवारी घालतो. लवकर फुलावं म्हणून."

"अहो, ल्युपिनला खत नाही चालत! नुसता पाला सुटतो, फूल धरत नाही!"

त्याचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे मीच... माझ्याच हाताने..."

"त्या एकट्याला बोलू नकोस," खिडकीतून मावशी म्हणाली. "मीही रोज दुपारी काठी टेकत येऊन तांब्याभर शेणखताचं पाणी ओततेय."

"तू? का गं?"

"का म्हणजे? तुझं ते फुलाचं उत्तर ऐकलं मी त्या दिवशी. म्हटलं, अशाने ही म्हातारी होईल."

"पण मावशी, तुझं काय? तुला एकटीला सोडून मी..." तिला रडू फुटलं.

"हे होतं होय मनात?" मिस्त्री म्हणाला. "मग मलाच का नाही सांगितलंत? माझी एक खोली अन् हत्यारांची पेटी. मीच इकडे येतो. मावशींना चालत असेल तर."

"चालत असेल तर म्हणे! मग पाणी काय उगाच ओतत होते?"

ती रडता रडता हसली.

"बाई..." त्याने हळूच विचारलं, "मग थांबू ना, फूल येईपर्यंत?"

"यंदा ते येत नाही. तुमच्या दोघांच्या कृपेने." तिने त्याचा खताने माखलेला हात हातात घेतला. "आणि मला थांबायचं नाहीये. मला तुम्ही आवडता... फार आवडता."

मावशीने खिडकी लावून घेतली.