तंबूवाल्याचा गाण्याचा डबा

तंबूवाला खरं तर शेजारच्या शिंप्याकडे आला होता. तंबूची चेन तुटलेली, आणि शिंपी दारावर ‘आलोच’ अशी पाटी लटकवून गायब. त्या ‘आलोच’चा अर्थ सगळ्या रस्त्याला ठाऊक होता, याला नव्हता. म्हणून खांद्यावरचं बोचकं सावरत तो बाजूच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात येऊन टेकला.

दुकान मामांचं. काम मात्र त्यांची भाची करायची, आणि मामा दिवसभर ‘भाची, भाची’ अशा हाका मारायचे म्हणून अख्खा रस्ता तिला भाचीच म्हणायला लागला होता. सत्ताविशीची, केसात पेन्सिल खोचलेली, आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलायची सवय. त्या वेळी ती एका उघड्या स्पीकरला कान लावून बसली होती.

“असं काही... बाहेर नेता येईल असं बनवता का?” त्याने विचारलं.

“बाहेर म्हणजे कुठे?”

“डोंगरावर. मी लोकांना कॅम्पला नेतो. तंबू, शेकोटी, तीन-चार दिवस.”

“बाजारात ढिगाने मिळतात की.”

“तीन घेऊन झाले. एक नुसता ओरडतो, एक दुसऱ्याच दिवशी मान टाकतो, आणि तिसरा जरा भिजला की रुसून बसतो. मला असा हवाय, की ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू यावं, आणि शेवटच्या तंबूतल्या माणसाची झोपमोड होऊ नये.”

भाचीने मान वर केली. जो तो आवाज मोठा मागतो, हा तिचा आठ वर्षांचा अनुभव. बेताचा आवाज मागणारा हा पहिलाच.

“वजन किती चालेल?”

“पाठीवर मीच नेणार. माझी पाठ बघून तुम्हीच ठरवा.”

ती बघणारच होती... मग जीभ चावली आणि वहीत डोकं घातलं. शिंपी आला, चेन बसवून झाली, तरी तंबूवाला आणखी अर्धा तास तिथेच होता.

पुढचे पंधरा दिवस डबा तयार होत राहिला. प्लायवूडचा खोका, तळहाताएवढे दोन स्पीकर, चार दिवस पुरतील अशा बॅटऱ्या, पाणी शिरू नये म्हणून झाकणाला रबराची पट्टी. तंबूवाला दर दोन दिवसांनी हजर. कधी हँडल बघायला, कधी रंग सांगायला, आणि एकदा तर, “इकडून चाललो होतो,” एवढंच म्हणाला. त्या रस्त्यावरून पुढे कुठेच जाता येत नव्हतं. भाचीने ते त्याला सांगितलं नाही.

डबा दुकानात असा काही सुरेख वाजला, की मामासुद्धा पेपर बाजूला ठेवून ऐकत बसले. तंबूवाला तो एका छोट्या सहलीला घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने परत आला.

“काय झालं? बंद पडला?”

“नाही, चालतोय. पण इथे भरदार वाजणारा डबा तिथे डासासारखा गुणगुणतो हो.”

भाचीने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. आठ वर्षं आठ बाय दहाच्या खोलीत काम केलेलं. आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तो धरूनच तिने सगळं जुळवलं होतं. मोकळ्यावर भिंती नसतात, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“तुम्ही कधी कॅम्पला गेलाय का?” त्याने हळूच विचारलं.

“नाही.”

“एकदाही?”

“अहो, नाही म्हटलं ना! आता हसा.”

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आणि डब्याला घेऊन तो गावाबाहेरच्या माळावर गेला. ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गवतात बसली आणि तो डोक्यावर हात धरून मागे मागे चालत राहिला. आवाज पोचेनासा झाला की हात खाली, अशी खूण ठरलेली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, आणि तो लांबून उगाचच हात खाली-वर करून तिला चकवत होता.

“नीट ऐका ना!” ती ओरडली.

“ऐकतोय! तुम्ही ओरडता ते सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं!”

मेला! असं ती मनात म्हणाली, आणि गालावर आलेलं हसू लपवायला डब्यात वाकली. त्या दिवसापासून तिचं काही खरं नव्हतं. तिला तो आवडला होता, सरळ आवडला होता, आणि आता डबा तयार झाला की हा माणूस जाणार होता. तळ्याकाठच्या कॅम्पवर चार महिन्यांचा हंगाम त्याने घेतला होता. पुढे इकडे यायचं कारण काय? शिंपी? चेन काय रोज तुटते?

म्हणून आवाज जमल्यावर गुरुवारी शेवटचं झाकण लावताना तिने नको ते केलं. बॅटरीच्या एका तारेला सोल्डर नुसतं टेकवलं. दिसायला जोड ठीक, पण आठ-दहा दिवस धक्के बसले की सुटणार आणि डबा परत दुकानात येणार. मामांचा दंडक होता, की तयार झालेली वस्तू गुडघ्याएवढ्या उंचीवरून उशीवर टाकायची, तरीही वाजली तरच द्यायची. “टाकून बघितलास?” मामांनी विचारलं. “हो,” भाची म्हणाली. दुकानातलं तिचं हे पहिलं खोटं.

शुक्रवारी तंबूवाला डबा न्यायला आला.

“हा कुठे टांगणार माहितेय?” तो म्हणाला. “पाण्याच्या वाटेवरच्या खांबाला. तिथे धुकं असं उतरतं की हातभर पुढचं दिसत नाही. पाण्याला गेलेली माणसं गाण्याच्या रोखाने परत येतात. गेल्या वर्षी जुना डबा बंद पडला आणि एक आजोबा दोन तास भलतीकडेच चालत राहिले.” मग जरा थांबून, “सापडले. पण माझं... काळीज ठिकाणावर नव्हतं.”

सांगून टाकावं असं भाचीला वाटलं, पण तिने डबा उचलून त्याच्या हातात दिला. “उद्या सकाळी स्टँडवरून गाडी आहे, येतो,” म्हणाला आणि तो गेला.

शनिवारी सकाळी मामा दुकान उघडतात तोच ती पिशवी घेऊन निघाली.

“कुठे?”

“डब्याचा एक जोड राहिलाय.”

मामांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. “टाकून बघितला नव्हतास?”

“नाही.”

“मग उभी काय राहिलीस? पळ!”

स्टँडवर गाडी भरून तयार होती. आत बारा माणसं, आणि तंबूवाला टपावर दोर आवळत होता. तिला बघून तो खुश होऊन खाली उतरला.

“डबा काढा,” ती धापा टाकत म्हणाली. “मी जोड कच्चा ठेवलाय. चुकून नाही... मुद्दाम.”

“मुद्दाम? का?”

“बिघडला की तुम्ही परत याल म्हणून.”

गाडीतली माणसं कान टवकारून ऐकत होती. तंबूवाल्याचं हसू मावळलं.

“ही माणसं माझ्या भरवशावर येतात,” तो म्हणाला.

“माहितेय. म्हणून तर आले. चुकलं माझं.”

त्याने डबा काढून दिला. तिने गॅसवर तापणारा छोटा सोल्डरिंग पेन पेटवला, जुना जोड काढला आणि नवा पक्का केला. जोड चोख बसला. मग तिने एक गुंडाळलेली सतरंजी मागितली आणि डबा गुडघ्याएवढ्या उंचीवरून सतरंजीवर टाकला. तीनदा. तिन्ही वेळा तो वाजत राहिला.

“झालं,” ती डोळे वर न करता म्हणाली. “आता हा बिघडायचा नाही. परत आणावा लागणार नाही तुम्हाला.”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तंबूवाल्याने डबा गाडीत ठेवला, एक पाय पायरीवर टेकवला... आणि पाय परत खाली घेतला.

“दर रविवारी मी सामान भरायला खाली उतरतो. तिथे फोन लागतो. तुमचा नंबर द्या.”

“कशाला? डबा बिघडणार नाही म्हटलं ना?”

“म्हणूनच मागतोय.”

भाचीने नंबर सांगितला. घाईत दोन आकडे उलटसुलट झाले, म्हणून तिने तो पुन्हा एकदा, सावकाश, त्याच्याकडे बघून सांगितला.