तहानलेलं जहाज

वादळाने अमेरिकेतल्या एडिसन गावातली वीज गेली होती. मोहनकाकांनी समईची वात सारली आणि भोवती बसलेल्या मुलांना म्हणाले, "हे आमच्या भानुदासरावांचं. ऐकीव नाही हं, दोन घरं पलीकडचं."

"ते जुनी बोट रिपेअर करणारे काका?" सावनीने विचारलं.

"तेच."

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या, रविवार. जहाजात झिरपणारं पाणी उपसायचा पंप बघणारा माणूस तापाने आडवा, म्हणून भानुदासराव रात्री धक्क्यावर निघाले. दीडशे वर्षांपूर्वी गरीब कुटुंबांना अमेरिकेला आणणारं शिडाचं जहाज ते. रिटायर झाल्यापासून त्याच्या फळ्यांतल्या फटी बुजवण्यात त्यांनी जीव ओतला होता. सकाळी तपासणी. तरंगत राहिलं तर मोठ्या दुरुस्तीला जाणार, नाही तर मोडीत.

"डबीत काय नेताय?" प्रतिमावहिनींनी विचारलं.

"तीळ. त्या जहाजावर प्रवासात पाण्यावाचून गेले ते बिचारे... त्यांना पाणी देणारं कोण आहे?"

"अहो, पितरांना पाणी दिवसा देतात. आणि दिलंतच, तर निरोपही द्या. बोलावलेलं माणूस निरोपावाचून परत जात नाही."

"बरं, गुरुजी!" ते हसले.

जहाजाच्या तळाशी पंप धडधडत होता. भानुदासरावांनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, तीळ घातले.

"ज्यांचं कोणी नाही, त्यांनी घ्या. तृप्त व्हा."

पाणी लाकडावर पडलं. पडताच सुकलं. पुन्हा सोडलं. सुकलं. बाटली संपली...

अंधारात कुणीतरी घोट गिळला.

पंप थांबला.

मग दुसरा घोट. डावीकडे. पाठीमागे. चहूकडे... त्यांनी स्वतःच्या हातांनी बुजवलेल्या फटी एकेक करून उघडू लागल्या. आतून कुणी ओढून घ्यावं तशी खाडी आत येऊ लागली. घोट्याला पाणी. गुडघ्याला...

मोहनकाका थांबले.

"काका, प्लीज... मग?" अंकुर कुजबुजला.

भानुदासराव पळाले. निरोप राहिला.

उजाडलं तेव्हा डोलकाठीचं टोक तेवढं वर होतं. तपासणीची माणसं आली, फोटो काढले, गेली. वाचवायला काही उरलंच नव्हतं.

ते घरी आले. वहिनी दारात. नुसतं स्वयंपाकघराकडे बोट...

घरातले सगळे पेले जमिनीवर मांडलेले. रिकामे. आणि प्रत्येकाच्या काठावर मिठाचा पांढरा ठसा. ओठांचा.