फुलचूरच्या संगणकावरची लाल फुली

गर्दीनं हिमांशूचा हात मोडला तो आवाज पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेला. दुसऱ्या हाताची पाळी यायच्या आत फौजदार रविताबाईंची जीप फुलचुरात शिरली. नाहीतर त्या दुपारी एका दारात दोन मुडदे पडले असते.

पहिला मुडदा आत होता. धनलाल, संगणकापुढच्या खुर्चीत. आधी डोकं फोडलेलं, मग गळा आवळलेला; गळ्यावर वायरीचा वळ, वायर मात्र कुठंच नाही. रक्त असं उडालं होतं की भिंतीवरची पाल घर सोडून गेली म्हणतात.

रविताबाईंनी रुमालानं टेबलावरचा फोन उचलला. मुका. पडदा मात्र चालू, आणि कोपऱ्यातल्या नेटच्या चित्रावर लाल फुली.

धनलालचा धाकटा भाऊ भुवनेश्वर दारात ऊर बडवत होता. दोन्ही तळव्यांना फडकी.

"हाताले काय झालं?"

"धान कापता कापता विळा लागला जी."

"दादाले जिवंत कधी पाहिलं?"

"जेवण झाल्यावर. ब्रॉडबँडवर नागझिऱ्याचे वाघ पाहून राहिला होता. मी मुर्रीच्या वावरात धान कापाले निघालो, त हा हिमांशू येऊन राहिला होता. वापस आलो त दादा असा!"

"हिमांशूवरच काऊन संशय?"

"कनेक्शन यानंच लावलं. नेट बंद पडते म्हणून दादानं काल याले शिव्या देल्ल्या."

ओट्यावर हिमांशू कण्हत होता. "मॅडम, दार बंद होतं. आवाज देऊन परतलो मी."

"खोटारडा! फाशी द्या त्याले!" गर्दी ओरडली.

रविताबाई संगणकामागं वाकल्या आणि चक्क हसल्या.

"इकडं ये भुवनेश्वर. हे नेटवर्क कार्डाचं भोक. यात मोडेमची जाड वायर लागते. इथं कोणी फोनमधून काढलेली बारीक वायर खुपसली. टोक लहान, भोक मोठं, तरी बसते. पण नेट येत नाही. म्हणून फोन मुका, म्हणून लाल फुली."

"मग?"

"जाड वायर दादाच्या गळ्याभोवती होती. रक्तानं भरली म्हणून मारणाऱ्यानं ती नेली, अन् रिकामं भोक दिसू नये म्हणून ही लावली. हिमांशू अख्ख्या फुलचूरले कनेक्शन लावते. डोळे बांधले तरी ही चूक त्याच्या हातून होणार नाही."

"त मी काय करू?"

"फडकी सोड. विळा एका हातात असते, कापते तो दुसरा. दोन्ही तळवे सोलते ती जोरानं ओढलेली वायर. ती मुर्रीच्या धानाच्या बांधीत पुरली ना?"

भुवनेश्वरनं त्यांच्या गळ्यावर झेप घेतली. रविताबाईंनी कीबोर्ड उचलून जबड्यावर असा हाणला की अक्षरं आणि दात सोबतच जमिनीवर सांडले.

"गल्लीसमोर चपलेनं मारलं दादानं मले!" तो रक्त थुंकत ओरडला. "बायकोच्या देखत!"

हातकड्या पडल्या. बाहेरच्या गर्दीतला एकेक जण आता निघायला चप्पल शोधत होता.

"हिमांशू," रविताबाई म्हणाल्या, "तुझा हात कोणी मोडला?"

हिमांशूनं चांगला हात हळूच वर केला आणि गर्दीवर बोट रोखलं. गल्ली पळत सुटली. पण हवालदारानं जीप गल्लीच्या तोंडाशीच आडवी लावून ठेवली होती.