मैना कुठे थबकते

माहुलीच्या पुलावर मैना पुन्हा थबकली. पुढे रस्ता मोकळा होता आणि शैलजाबाई बर्गे यांचा पाय ब्रेकवर नव्हताच. तरी गाडीने आपणहून वेग उतरवला, क्षणभर दम खाल्ला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघाली. मागच्या दुधाच्या टेम्पोवाल्याने लांबलचक हॉर्न देऊन आपलं मत कळवलं.

“रुसली वाटतं,” शेजारी बसलेले विश्वासराव म्हणाले. मधुमेहाने त्यांची आधी नजर नेली, मग मूत्रपिंडं. समोरचं सगळं धूसर, पण गाडीचा वेग त्यांना पाठीने कळायचा. “सून नाही आली अजून घरात, तोवर ही हौस भागवून घे.”

“बोलत नाही एवढं तरी सुख आहे,” शैलजाबाई म्हणाल्या.

आठवड्यातून तीनदा दोघं कोरेगावहून साताऱ्याला डायलिसिससाठी जात. मुलगा लांब, नोकरीच्या गावी. डायलिसिसनंतर विश्वासरावांच्या अंगात एसटीच्या पायऱ्या चढण्याइतकंही त्राण उरत नसे. म्हणून शैलजाबाई साठीच्या उंबरठ्यावर गाडी शिकल्या, आणि मैना घेतली ती परीक्षणं वाचून. त्यातही पुण्याच्या गाडी-परीक्षक नेत्रा सोमण यांच्या शब्दावर त्यांचा भरवसा होता. नेत्राने स्वच्छ लिहिलं होतं, ‘चालकाच्या पायाआधी मैना ब्रेक लावत नाही. हिला थबकणं माहीत नाही.’

त्या परीक्षणाखाली आता मालकांची रांग लागली होती. ‘बाई, गाडी चालवलीत की नुसतं माहितीपत्रक वाचलंत?’ असं एकाने विचारलं होतं. दुसऱ्याने कळवलं होतं, ‘आमची मैना दर वळणावर विचार करते. निवृत्त प्राध्यापक असावी.’ नेत्राला टोमण्यांची सवय होती. दुसऱ्यांदा नवी गाडी मागवून ती घाटात चालवून आली होती आणि आधीच्याच मतावर ठाम राहिली होती. पण एका संध्याकाळी शैलजाबाईंचं लिहिणं तिच्या वाचनात आलं, आणि ते काही केल्या मनातून जाईना. ‘तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही पाहिलेली मैना आणि माझ्या दारातली मैना एक नाही. एकदा येऊन बघाल का? सकाळी लवकर आलात तर न्याहारीला धपाटे असतील.’

नेत्रा आली. धपाटे खाऊन झाल्यावर तिने आधी एकटीने गाडी गावाबाहेर नेऊन आणली. मैना लोण्यासारखी चालली.

“कुठेच थबकली नाही, काकू.”

“पाहुणं माणूस आलं की घरातली भांडणं थांबतात,” विश्वासराव म्हणाले. “आता आमच्याबरोबर चला.”

नेत्रा मागच्या सीटवर बसली आणि शैलजाबाईंनी गाडी काढली. गाव सुटता सुटता मारुतीचं देऊळ आलं. शैलजाबाईंचा उजवा हात स्टिअरिंगवरून उठला, छातीला लागला, डोळे मिटले, ओठ हलले, हात परत जागेवर. आणि मैना थबकली. पुढे दत्ताचं देऊळ, मग रस्त्याकडेचा शेंदूर लावलेला एक दगड, मग माहुलीच्या पुलावरून दिसणारी संगमावरची देवळं. प्रत्येक ठिकाणी तेच. पुलावर पोचेपर्यंत नेत्राने खिडकीबाहेर बघणं सोडून दिलं होतं. ती फक्त तो हात बघत होती.

विश्वासरावांना यंत्राला जोडल्यावर दोघी दवाखान्याच्या आवारात गाडीतच बसल्या. नेत्राने परीक्षकांना मिळणारा टॅब गाडीला जोडला.

“काकू, मैनाच्या स्टिअरिंगमध्ये आणि समोरच्या कॅमेऱ्यात भानमापक बसवलाय. हातांची पकड, पापण्या, नजर कुठे फिरते, हे सगळं तो वाचतो. चालकाचं भान सुटलं असं वाटलं की गाडी हळूच वेग उतरवते. महिना-दोन महिन्यांत ती एका माणसाची सवय शिकते आणि त्याला सांभाळायला लागते. आम्हा परीक्षकांना ती कोरी मिळते, तीन दिवसांसाठी. तीन दिवसांत ती आम्हाला काय ओळखणार?”

“म्हणजे ती मला सांभाळते?”

“तुम्ही नमस्कार करता, आणि तिला वाटतं तुम्हाला भोवळ आली.”

शैलजाबाई बारीक हसल्या. नेत्रा मात्र हसली नाही. पडद्यावर एक आकडा तांबडा झालेला होता.

“हा तुमचा भानांक. आणखी थोडा घसरला की गाडी आपणहून परिवहन कार्यालयाला कळवते. मग वैद्यकीय तपासणी होईपर्यंत परवाना थांबतो.”

“किती दिवस?”

“काहींचे महिने गेलेत.”

शैलजाबाईंनी दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. “यांना एक वार चुकवून चालत नाही. अंगाला सूज चढते, मग श्वासाला जड जातं.” पदराचं टोक त्या बोटाभोवती गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या.

“मी आजच कंपनीला लिहिते. नमस्कार ओळखायला भानमापकाला शिकवता येईल. तोवर एकच करा. देवळापुढे हात उचलू नका. मनातल्या मनात करा.”

“मी उचलत नाही हो. तो उठतो.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पण बघते.”

परतीच्या वाटेवर शैलजाबाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली. पूल आला आणि गेला. गाडी एका वेगात राहिली. शेंदराचा दगड गेला. नेत्राने मागून टॅबवर पाहिलं. थबकल्याची एकही नवी खूण उमटली नव्हती. तिच्या मनात नव्या परीक्षणाची पहिली ओळ जुळायला लागली.

“घंटा ऐकू आली,” विश्वासराव थकलेल्या आवाजात म्हणाले. “दत्ताचं देऊळ गेलं ना?”

“गेलं.”

“आणि तू?”

“मी गाडी चालवते आहे,” शैलजाबाई म्हणाल्या. चुकल्यासारखं वाटून त्या सीटवर जराशा सरकल्या, परत सरकल्या.

पुढे दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून सरळ रस्ता. ना वस्ती, ना वळण. आणि तिथे मैना थबकली.

वेग उतरला, तसाच उतरलेला राहिला, आणि मग सावकाश चढला. पुलावर सकाळी लागला होता त्याहून बराच जास्त वेळ. नेत्रा पुढे झुकली.

“काकू, इथे कुठलं देऊळ?”

“कुठे?”

“आत्ता मागे. गाडी हळू झाली ना.”

“छे. आत्ता तर एकसारखी चाललीये.” शैलजाबाईंच्या आवाजात खोट नव्हती. “बघा, मी हातसुद्धा हलवला नाही.”

विश्वासरावांनी मान शैलजाबाईंकडे वळवली. नेत्राने टॅब पाहिला. नवी खूण होती. तिने ती उघडली आणि हलकेच म्हणाली, “काकू, गाडी जरा बाजूला घ्या.”

उसाच्या सावलीत गाडी उभी राहिली. नेत्राने सकाळची पुलावरची खूण आणि ही खूण शेजारी शेजारी मांडली. पुलावर हात उचललेला होता, पापण्या मिटल्या होत्या, नजर परत रस्त्यावर आली होती. इथे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. डोळे उघडे होते. फक्त बुबुळं हलली नव्हती. एवढा वेळ, अजिबात. भानमापकाने दोन्हींना एकच नाव दिलं होतं, ‘भान सुटलं’.

ती मागे मागे जात राहिली. देवळांपुढच्या खुणांच्या ढिगाऱ्याखाली अशा आणखीही निघाल्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या. एक तर घरच्या गल्लीतली. गाडीचं चुकत होतं आणि गाडी बरोबरही होती. चुका इतक्या झाल्या होत्या की त्यांत खरं कुणाला दिसलंच नव्हतं. नेत्राला परीक्षणाखाली लिहिणारे बाकीचे मालक आठवले. वळणावर विचार करणारी मैना. तिथे तरी कुणाचं काय थबकत होतं?

“याआधी झालंय,” विश्वासराव खालच्या आवाजात म्हणाले.

“अहो, काय झालंय?”

“घंटा नाही, धूप-उदबत्तीचा वास नाही, तरी गाडी हळू. मी काहीतरी विचारायचो, तू उत्तर द्यायची नाहीस. मला वाटायचं, नाव घेत असशील मनात. कशाला मोडा. आणि विचारलं असतं, तर तू गाडी सोडली असतीस.”

नेत्राने टॅब मांडीवर पालथा ठेवला. “मी डॉक्टर नाही. काही नसेलही. पण मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.” पुढचं बोलावं की नाही ते तिला कळेना. मग ती बोललीच. “एक सांगायला हवं. चुकीच्या नोंदी रद्द करायचा अधिकार आम्हा परीक्षकांना असतो. देवळांच्या सगळ्या खुणा मी आत्ता रद्द करू शकते. त्या खरोखरच चुकीच्या आहेत. पण मग भानांक इतका वर जाईल की या उरलेल्या चार-दोन खुणांनी काही बिघडणार नाही. गाडी कुणालाच काही कळवणार नाही.”

रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली धडधडत गेली.

“मग तसं करा,” विश्वासराव म्हणाले. “रस्ता ओळखीचा आहे. मी बोलत राहीन हिच्याशी. थांबू देणार नाही.”

शैलजाबाईंनी स्टिअरिंगवरचे हात सोडले. बोटं ताठरली होती. ती त्यांनी एकेक करून मोकळी केली. “यांना परवा न्यायचंय,” त्या नेत्राला म्हणाल्या. “परवा कुणीतरी बघावं लागेल. वहिनीच्या भाच्याला विचारते.” आणि दार उघडून खाली उतरल्या.

“अगं शैला, घर आलंय जवळ.”

“या रस्त्याला शाळेची मुलं असतात हो, आत्ता सुटतील.” त्यांनी मागचं दार उघडलं. “नेत्रा, तू बस पुढे.”

नेत्रा उतरली, पण पुढे जायचं तिला सुचेना. दोघी उन्हात समोरासमोर उभ्या राहिल्या. शैलजाबाई मागे वळून तो सरळ रस्ता बघत होत्या, जिथून त्या आत्ताच आल्या होत्या.

“हात जोडते तेव्हा मला ठाऊक असतं मी कुणापुढे आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण तिथे माझे डोळे उघडे होते म्हणतेस. हात चाकावर होते. मग तेवढा वेळ रस्ता कोण बघत होतं गं?”