चिमणाबाई सांगून गेली

बसा असं जवळ. दार लोटा की, वारं आत येतंय. हे ऐकीव न्हाय. आमच्या गारगोटीत, माझ्या शेजारच्या संगमेशच्या घरात घडलं, आणि उजाडताच तो पहिला माझ्याकडंच आलता.

संगमेशचं भुसार मालाचं दुकान. घरात तो, बायको पवित्रा आणि आई चन्नम्मा. आईला तो अव्वा म्हणायचा. दोन हजार चार साली अव्वाला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. दीड महिना संगमेशसोबत कोल्हापुरात राहून तिनं रेडिएशनचे शेक घेतले. नंबर येईपर्यंत बाकावर रोज शेजारी बसायची आजऱ्याची चिमणाबाई, निळ्या पट्ट्याच्या स्लिपर बाकाखाली काढून. आजार तोच, वयबी तेच. घरच्यांना सांगता येत न्हाय ते दोघी एकमेकींना सांगायच्या.

दिवाळीनंतर चिमणाबाई वारली. फोन दुकानात आला. अव्वाचा धीर सुटंल म्हणून संगमेशनं घरात सांगितलंच न्हाय. चिमणीचा फोन का येत न्हाय, असं ती विचारायची. हा म्हणायचा, आजऱ्याची लाइन बिघडलीया.

डिसेंबरात अव्वाचा परत स्कॅन झाला. रिपोर्ट घ्यायला संगमेश एकटाच मोटरसायकलवर कोल्हापूरला राजारामपुरीत गेला. शनिवार होता, अमावस्या. पवित्रा बाळंतपणाला माहेरी गेलती. सांजच्याला डॉक्टरांनी आत घेतलं, फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, एक ठिपका दिसतोय. शेकाचा वण असंल, न्हायतर आजार परत उठला असंल. आत्ता सांगता येत न्हाय, तीन महिन्यांनी बघू.

धड व्हय न्हाय, धड न्हाय न्हाय. अव्वाला हे सांगितलं तर तीन महिने ती डोळा मिटायची न्हाय. वाटंतच त्यानं ठरवलं, स्वच्छ आलंय म्हणायचं. मुदाळ तिट्ट्याला गाडी पंक्चर झाली. घरी पोचायला अकरा वाजले.

गल्लीत लाइट गेलती. दाराशी आला... आणि थांबला.

आत कोणतरी बोलत होतं.

दोन बायका. एक अव्वा. दुसरी...

आवाज बसका. सावकाश. दीड महिना त्या बाकावर ऐकलेला.

त्यानं कडी वाजवली.

आवाज बंद.

बराच वेळ... काय न्हाय.

मग आतली कडी निघाली. अव्वा एकटीच, हातात मेणबत्ती. हा सोप्यातनं स्वयंपाकघरात गेला. मागचं दार आतनं बंद. कोण न्हाय.

डॉक्टर काय म्हणाले, अव्वानं विचारलं.

"स्वच्छ हाय, अव्वा. काय न्हाय."

तिनं मेणबत्ती खाली ठेवली.

"ठिपका हाय म्हणं."

कुणी सांगितलं, ह्यानं विचारलं.

"चिमणीनं. ती मेली, हे तू सांगायचं होतंस की रं. तिला सोताला येऊन सांगावं लागलं."

तुझ्यासाठीच केलं, असं कायतरी हा पुटपुटला. अव्वा रडली न्हाय, ओरडली न्हाय.

"आजार माझा. मैतरीण माझी. दोन्ही तू माझ्यापासनं काढून घेतलंस."

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. मार्चात स्कॅनला जाताना म्हणाली, संगमेश नको, गणपतराव तुम्ही चला. म्हणून मी गेलतो. डॉक्टरांना तिनंच विचारलं. ठिपका होता तेवढाच होता. परत तीन महिन्यांनी या म्हणाले. बाहेर संगमेश आमच्या मागनं येऊन उभा होता. ती त्याच्याजवळनं तशीच पुढं गेली.

पर त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. सकाळी संगमेश मला हाताला धरून घरी घेऊन गेला. उंबऱ्याच्या बाहेर बायकी स्लिपर होत्या. निळ्या पट्ट्याच्या, टाचेला झिजलेल्या. अव्वाच्या न्हाईत. पवित्राच्या न्हाईत. अंगणभर दव पडलेलं, आणि त्या कोरड्या.

त्यांचं तोंड घराकडं.

आलेलं माणूस जाताना पायात घालून जातं की...

त्या तिथंच होत्या.