वा! मस्त जमलंय

चवताईनं त्या दिवशी एक चमचा तोंडात घातला, "वा! मस्त जमलंय!" असं ठसक्यात म्हणाली, आणि पुढच्याच मिनिटाला तिच्या पायाखालची जमीन सरकली.

झालं असं… बिस्किटांच्या त्या कारखान्यात माणसं कुठकुठून आलेली. म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे मॅनेजरबाईंनी, फर्मान काढलं — पॉटलक करायचं! प्रत्येकानं आपल्या घरचा एक पदार्थ आणायचा आणि तो कुणाकडून शिकलो ते चिठ्ठीवर लिहायचं. कॅन्टीनमधली टेबलं जोडली, त्यावर पातेली आली. पानात गुंडाळलेला भात, दह्यातली वांगी, भोपळ्याचं दाट सूप. निम्म्या पदार्थांची नावंही धड उच्चारता येत नव्हती, पण जो तो "आधी माझं घ्या" म्हणून हात धरत होता.

पण आधी खायचं कुणी? तर कारखान्याची जुनी रीत — चवताईच्या जिभेवरून गेल्याशिवाय काहीच पुढे सरकायचं नाही. तिची नोकरीच ती. प्रत्येक ट्रेमधलं बिस्किट चाखायचं आणि वहीत शेरा मारायचा. घरी तिचे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "माझी लेक आधी खाते, मग लोक खातात!"

आणि याच लेकीला गेले तीन महिने कशाचीही चव कळत नव्हती! ताप आला, उतरला, आणि जाताना वास अन् चव दोन्ही घेऊन गेला. चहा म्हणजे गरम पाणी, बिस्किट म्हणजे नुसता भुगा. नोकरी जाईल म्हणून तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. रंग बघायची, तुकडा मोडून आवाज ऐकायची आणि छातीवर दगड ठेवून 'ठीक' लिहायची. नवल म्हणजे एकदाही तक्रार आली नाही.

तर, पहिलं पातेलं होतं भट्टीवाल्याचं. भट्टी चालवणारा, तिच्या साखळीला ग्रीस लावणारा, ट्रे आणून चवताईच्या टेबलावर ठेवणारा तो उंच, अबोल माणूस. चिठ्ठीवर लिहिलं होतं — 'मसूर-बटाटा, आत्याकडून.'

तिनं चाखलं, शाबासकी दिली. पॅकिंगच्या मावशींनी मोठा घास घेतला… आणि डोळेच फिरवले!

"अगं बाई! मीठ आहे की काय हे!"

दुसरा खोकला, तिसरी पाण्याकडे धावली. आत्यानं सकाळी मीठ घातलं होतं, आणि भट्टीवाल्यानं न विचारता पुन्हा घातलं होतं. हळूहळू सगळ्यांच्या नजरा चवताईकडे वळल्या. मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या.

"तुम्हाला… खारट नाही लागलं?"

चवताईनं चमचा खाली ठेवला. संपलं सगळं. बाबांना काय सांगायचं?

तेवढ्यात भट्टीवाला पुढे आला. वाडगाभर मसूर वाढून घेतला, उभ्या उभ्या खाल्ला, आणि डोळ्यांत पाणी असताना म्हणाला, "यांना कळलं होतं, बाई. चारचौघांत माझी लाज राखली यांनी… एवढंच."

मग मावशींनी टाळीच वाजवली. "अस्सं होय! कधीपासून चाललंय हे? आम्ही आपले बिस्किटंच मोजतोय!"

सगळं कॅन्टीन हसायला लागलं. आणि चवताई? तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या माणसाशी 'ट्रे ठेवा'पलीकडे कधी बोलली नाही, त्याच्याशी तिचं जमलेलं होतं… आणि ते सगळ्या कारखान्याला तिच्याआधी कळलं होतं!

तिनं त्याला भट्टीमागच्या बोळात गाठलं.

"लाज नाही वाटत? माझं नाव जोडून मोकळे झालात!"

"नोकरी वाचली ना तुमची?"

"म्हणजे…? तुम्हाला… माहीत होतं?"

"तीन महिने," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुम्ही तापातून उठून कामावर आलात त्या दिवशी भट्टीतली वायर जळली, सगळे खोकत बाहेर पळाले. तुम्ही शांतपणे लिहीत बसला होतात. मीच तुम्हाला हाक मारून बाहेर काढलं."

"मग माझ्या ट्रेंमध्ये एकही खराब कसा…"

"आधी मी खाऊन बघायचो. बिघडलेला ट्रे तुमच्यापर्यंत येऊच द्यायचो नाही. रोज सोळा बिस्किटं." तो कसनुसा हसला. "आता बिस्किट बघितलं तरी मळमळतं."

ती भिंतीला टेकली. "पण का?"

"आता तेही मीच सांगू?… मावशींनी सांगितलं की मघाशी."

तिला हसावं की रडावं कळेना. हा माणूस तीन महिने स्वतःची नोकरी पणाला लावत होता आणि ती खुशाल 'ठीक' लिहीत होती. तिनं डोळे पुसले आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. फक्त स्वतःचं. पण हा मागोमाग आलाच आणि उरलेलं त्यानं सांगितलं!

मग दोघांची खरपूस कानउघाडणी झाली. हिला बरी होईपर्यंत पॅकिंगला पाठवलं, आणि त्याच्या हातात लेखी ताकीद पडली. त्या संध्याकाळी बाबा एवढंच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस, बाळा?" तेव्हा ती खरी रडली.

डॉक्टरांनी रोज वासांचा सराव सांगितला. मग रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत भट्टीवाला चार पुड्या घेऊन हजर — लवंग, लिंबाची साल, कॉफी, पुदिना. तिनं डोळे मिटायचे, त्यानं पुडी नाकाशी धरायची.

"काय येतंय?"

"काही नाही."

"उद्या बघू."

'उद्या बघू' करता करता पाच आठवडे गेले. मध्येच कधीतरी 'अहो'चं 'अरे' झालं, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

एके दिवशी त्यानं नेहमीसारखी लवंग धरली. तिनं श्वास घेतला आणि एकदम त्याचं मनगटच पकडलं.

"काय झालं? लवंग?"

"नाही…" तिचे डोळे मिटलेलेच होते, गालांवरून पाणी वाहत होतं. "लवंग नाही रे… ग्रीस. ग्रीस आणि लोणी. तुझ्या हाताचा वास येतोय मला!"

तो घाबरून हात मागे घ्यायला लागला. "थांब, धुऊन येतो—"

"खबरदार धुतलास तर," ती म्हणाली, आणि तो काळा, खरबरीत हात तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला.