सहा नंबर वॉर्डाचं रिलीज

फोन वाजला तेव्हा ताईने नुकतंच चहात बिस्कीट बुडवलं होतं.

"सहा नंबर वॉर्डातून सिस्टर बोलतेय. तुमची स्क्रीन खोटं बोलतेय."

बिस्कीट कपात पडलं ते पडलंच.

"काय झालं, सिस्टर?"

"अठरा किलोची मुलगी आहे. दुखणं कमी करायचं औषध द्यायचं होतं. स्क्रीनने डोस काढला तो चाळीस किलोच्या माणसाचा. सव्वादहाला दिला गेला. साडेदहाला मी कागद पाहिला, तेव्हा कळलं."

"मुलगी कशी आहे?"

"श्वास ठीक आहे. पण हाका मारल्या तरी डोळे उघडत नाही. डॉक्टर शेजारी बसलेत."

"बाकीच्या वॉर्डांत?"

"पाचही ठिकाणी विचारलं. तिथे सगळं बरोबर. फक्त माझ्याच वॉर्डात हा घोळ. स्क्रीन मी बंद केलीय, तुम्ही सांगायची वाट नाही पाहिली. आमच्या सर्व्हरवर नोंद आहे. आज सकाळी दहाला तुमच्याकडून नवीन रिलीज आलं. कुणी पाठवलं, ते मला दोन वाजेपर्यंत सांगा. आणि ज्याने पाठवलं त्याने स्वतः इथे यायचं. या मुलीच्या आईला मी सांगणार नाही. मी काही केलेलं नाही."

फोन आपटला गेला.

मुलांच्या वजनावरून औषधाचा डोस काढून देणारा प्रोग्राम, हेच या छोट्या कंपनीचं पोट. आणि केलेला बदल हॉस्पिटलात नीट पोचवणं ही ताईची जबाबदारी. पूर्वी ते काम काका करायचे. सगळ्यांचेच काका. एकतीस वर्षं कीबोर्ड बडवलेला माणूस. समोर छापील यादी ठेवून, एकेक ओळ मोठ्याने वाचत, ते हाताने रिलीज, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती, पाठवायचे. एका वॉर्डाला वीस मिनिटं. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. ऑफिस वैतागायचं, पण चूक म्हणून कधी सापडली नाही.

या वर्षी ताईनेच हट्ट धरला की हे सगळं आपोआप व्हायला हवं. प्रोग्रामरने काम टाकलं की टूलने ते तपासायचं, आणि तपासणीत पास झालं तरच पाठवायचं. दोन टूल्स तीन आठवडे शेजारी-शेजारी चालवून पाहिली. ऑफिसने एकाचं नाव ठेवलं हत्ती, दुसऱ्याचं घोडा. हत्ती संथ, पण हेकट. चाळीसच्या चाळीस चाचण्या पास झाल्याशिवाय जागचा हलायचा नाही आणि पाठवायचं ते सगळ्या वॉर्डांना एकदम. घोडा चपळ, पण लाडावलेला, सांगाल ते मुकाट्याने करणारा. ताईने हत्ती निवडला. साहेबांनी पाठ थोपटली. काकांच्या हातचं काम मात्र गेलं. आता ते दिवसभर लोकांच्या मागे उभे राहून नुसते पाहायचे, आणि ताई त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळायची.

तिने हत्तीची नोंदवही उघडली. आज काहीच पाठवलेलं नव्हतं. शेवटचं रिलीज काल, गुरुवारचं, तेही सहाही वॉर्डांना.

म्हणजे कुणीतरी हत्तीला वळसा घालून पाठवलं होतं.

हॉस्पिटलने त्यांच्या सर्व्हरची नोंद धाडली. सर्व्हरमध्ये शिरायला प्रत्येकाची वेगळी किल्ली लागते, म्हणजे पासवर्डासारखी एक फाईल. नोंदीत ओळ अगदी स्वच्छ होती. सुरुवात दहा वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद. शेवट अकरा सेकंदांनी. किल्ली काकांची.

ताईने ती ओळ तीनदा वाचली. मग ती साहेबांकडे गेली. न जाऊन चालणारच नव्हतं.

"झालं तर मग!" साहेब म्हणाले. "म्हाताऱ्याला ते टूल पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत होतं. दाखवून दिलं त्याने. दोन महिन्यांनी निवृत्त होतोय, निरोप समारंभाचं मीच ठरवत होतो. आता कसला समारंभ! हॉस्पिटलला नाव कळवा आणि त्याला आजच घरी पाठवा."

"दोन वाजेपर्यंत वेळ आहे, साहेब. मला विचारू तरी द्या."

"विचारा. पण नाव तेच निघणार."

पहिली पाळी घाईची. कायम धावपळीत असणारी ही प्रोग्रामर. नाव विचारायलाही कुणाला वेळ न देणारी, म्हणून घाई.

"अठराचे चाळीस कसे होतील गं?" ताईने विचारलं.

घाईचा चेहरा उतरला. "ते माझं आहे. एका हॉस्पिटलचे वजनकाटे पौंडात आहेत ना, त्यांच्यासाठी करतेय. अठरा किलोचे चाळीस पौंड झालेत, पौंडांचे परत किलो करायचं राहिलंय. अर्धवट आहे, ताई! मी ते पाठवलं नाही, आईशपथ."

"हत्तीकडे टाकलंस?"

"अजिबात नाही. त्याने चाचणीत नापास करून सगळ्यांसमोर माझी लाज काढली असती. काल 'प्रयोग' फोल्डरमध्ये ठेवलं. ते तर आता कुणी वापरतच नाही."

"ठेवताना कुणी पाहिलं?"

घाई घुटमळली. "काका मागे उभे होते."

जिथे जावं तिथे काकाच. ताई त्यांच्या टेबलापाशी गेली. याच माणसाने तिला पहिल्या नोकरीत हाताला धरून काम शिकवलं होतं, आणि आज तीच त्यांची उलटतपासणी घ्यायला आली होती. तिला स्वतःचीच शरम वाटली.

"काका, दहा वाजता कुठे होतात?"

"इथेच. या खुर्चीत."

"तुमची किल्ली कुणाकडे आहे?"

"माझी आहे, माझ्याकडेच असणार."

"आणखी कुणाला दिली होतीत?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "नाही दिली."

"मग आज सहा नंबरला तुम्ही पाठवलंत?"

"नोंदीत माझं नाव आहे ना? मग मीच पाठवलं असणार. चुकून."

"काय पाठवलंत?"

"जे होतं ते."

"किती वेळ लागला?"

"नेहमीसारखाच. वीस एक मिनिटं. आता पुरे कर गं पोरी, लिही माझं नाव."

ताईला पटेना. चुकून? यादीतली ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय एंटर न दाबणारा माणूस, आणि चुकून? आणि तिकडे नोंद म्हणत होती अकरा सेकंद.

ती जागेवर आली आणि विचार करायला लागली. शून्य मिनिटं, शून्य सेकंद. माणूस इतका वक्तशीर नसतो, सरकारी घड्याळही नसतं. आणि एकच वॉर्ड का? सूडच उगवायचा असता तर सहाही वॉर्ड होते.

तिने सिस्टरला फोन लावला.

"मुलगी?"

"अजून तशीच."

"सिस्टर, तुमच्या वॉर्डात आणि बाकीच्या वॉर्डांत फरक काय आहे?"

"फरक कसला? वॉर्ड नवा आहे. परवाच सुरू झाला. पलंग नवे, पडदे नवे. स्क्रीन तेवढी जुनी. नवी येईपर्यंत ट्रेनिंगच्या खोलीतली उचलून आणली, आतल्या मशीनसकट. नव्या नर्सना शिकवायला वापरायचो ना, तीच."

ताईने फोन ठेवला. ती तशीच उठली.

ऑफिसच्या मागच्या खोलीत जुन्या मशीनांचं कपाट होतं. खालच्या फळीवर, धुळीत, एका मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिने त्या मशीनला स्क्रीन जोडली. जे दिसलं ते तिने कागदावर उतरवून घेतलं. मग तिने टूल निवडतानाची छापील यादी काढली. नवव्या ओळीपुढे टिक होती. टिकेखालची सही पाहायची गरज नव्हती, तरी तिने ती पाहिली.

दोनला दहा मिनिटं असताना काकांनी तिला साहेबांच्या दाराबाहेर अडवलं.

"सापडलं वाटतं तुला," ते हळूच म्हणाले. "सापडू दे. बोलू मात्र नकोस. माझे दोन महिने राहिलेत, तुझी वीस वर्षं आहेत. मी जाऊन सांगतो त्या मुलीच्या आईला. मला कोण काय करणार आहे?"

क्षणभर ताईला हायसं वाटलं. खरंच वाटलं. खांद्यावरचं ओझं कुणी अलगद उचलून घ्यावं तसं. आणि मग त्या हायसं वाटण्याची तिला इतकी किळस आली की तिने दार ढकललंच.

आत साहेब, घाई आणि स्पीकरवर सिस्टर. काका मागोमाग आले.

"नाव बोला," सिस्टर म्हणाली.

"नाव सांगते. आधी कसं झालं ते ऐका. नाहीतर तुमचा विश्वास बसणार नाही," ताई म्हणाली. "आज दहा वाजता कुणीच काही पाठवलं नाही. कुठल्याही माणसाने नाही."

"म्हणजे भुताने?" साहेब.

"घोड्याने."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. ताई बोलतच राहिली.

"आपण दोन टूल्स तपासून पाहिली आणि हत्ती ठेवला. घोड्याला नाही म्हटलं, पण त्याला ते कुणी सांगितलंच नाही. तो मागच्या खोलीत चालूच आहे. प्रयोगापुरतं त्याला काम दिलं होतं, की रोज, ठीक दहा वाजता, 'प्रयोग' फोल्डरमध्ये काही नवीन असेल तर ते ट्रेनिंगच्या मशीनवर पाठव. म्हणून शून्य सेकंद. म्हणून अकरा सेकंदांत काम फत्ते."

"मग इतके दिवस का नाही गेलं?" घाईने विचारलं.

"फोल्डरमध्ये नवीन काही नव्हतं. काल तू ठेवलंस. ते फोल्डर मेलंय असं तुला वाटलं. सगळ्यांनाच वाटत होतं. तुझी चूक नाही."

"आणि सहाच नंबर?" साहेब.

"तीच ट्रेनिंगची मशीन परवा त्या वॉर्डात गेली. घोड्याला काय माहीत समोर शिकाऊ नर्स आहे की आजारी पोर आहे?"

"चाचण्या? त्या कुठे गेल्या?" साहेबांनी विचारलं.

"बंद केल्या होत्या. कुठलं टूल किती वेगाने पाठवतं एवढंच पाहायचं होतं. दरवेळी चाळीस चाचण्या कोण चालवत बसणार, असा विचार केला गेला."

"कुणी केला?" स्पीकरमधून प्रश्न आला.

ताईने छापील यादी टेबलावर ठेवली.

"त्याच माणसाने, ज्याने घोड्याला काकांची किल्ली दिली. हॉस्पिटलकडून नवी किल्ली मिळवायची तर अर्ज, सह्या, दोन आठवडे. तेवढा धीर नव्हता. काकांकडे उसनी मागितली. ते नाही म्हणत होते. तीन आठवड्यांत काढून टाकते, असं वचन देऊन घेतली. निवड झाल्यावर करायच्या कामांची यादी होती. नववी ओळ होती, घोडा बंद करणे, किल्ली काढणे. त्या दिवशी साहेबांना निकाल दाखवायचा होता. एकच काम राहिलं होतं, उद्या करू म्हणून आजच टिक मारली. तो उद्या आलाच नाही. ती टिक माझी आहे, सिस्टर. नाव माझंच लिहा."

काका भडकले. "मूर्ख आहेस! किल्ली माझी होती. मी दिली, मी परत मागायला हवी होती. मग मी निर्दोष कसा?"

"तुम्ही मागितली होतीत, काका. दोनदा. मी म्हणाले, काढली केव्हाच."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते खुर्चीत बसले. साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ते म्हणाले, "सगळ्या किल्ल्या आत्ता काकांकडे द्या. तुमचं काय करायचं ते उद्या बघू."

"या," सिस्टर एवढंच म्हणाली.

निघण्याआधी ताईने आपल्या हाताने घोडा बंद केला आणि किल्ली पुसून टाकली. काका शेजारी उभे राहून ओळ न् ओळ मोठ्याने वाचत होते.

वॉर्ड खरंच नवा होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता. कोपऱ्यातल्या पलंगावर अठरा किलोचा तो जीव तोंड किंचित उघडं टाकून पडला होता. उशाशी बसलेली आई त्याची चिमुकली बोटं एकेक करून चोळत होती. सिस्टरने मान हलवून दाखवलं आणि ती बाजूला झाली.

ताईने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. ती पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही डॉक्टर का?" आईने विचारलं.

"नाही. औषध किती द्यायचं ते सांगणारी मशीन चुकली. ती माझ्यामुळे चुकली. एक काम करायचं राहिलं होतं आणि मी ते केलं म्हणून लिहिलं. नर्सची चूक नाही, डॉक्टरांची नाही. माझी आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं. ओरडेल, रडेल, अंगावर धावून येईल, ताईने सगळ्याची तयारी ठेवली होती.

"उठेल ना ती?" आई म्हणाली.

"डॉक्टर म्हणतात उठेल. संध्याकाळपर्यंत."

"ते म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

ताईने मुलीकडे पाहिलं.

आईने पायाने पलंगाखालचं स्टूल बाहेर ओढलं आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं.

"बसा मग. तो हात धरा. ती डोळे उघडेपर्यंत इथून हलायचं नाही तुम्ही."

ताई बसली. तिने तो हात हातात घेतला. तो गरम होता आणि काहीच वजन नसल्यासारखा होता. आईला बोटं चोळताना पाहून तीही तशीच बोटं चोळायला लागली, अंगठ्यापासून.